अब्बांची पद्मिनी

दिवाळीच्या सुटीत शेडमधली ताडपत्री ओढून काढली, तेव्हा कुंपणापलीकडून शेजारच्या चाचींनी अम्मीला विचारलं, "भंगारवाला आला वाटतं?" अम्मी म्हणाली, "भंगारवाला नाही, आमचा मास्तर आहे." त्या दिवसापासून आमच्या आळीत माझं हेच नाव पडलं आहे.

ताडपत्रीखाली १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी होती. रंग मुळात सायीसारखा, आता जागोजागी तपकिरी. जहाजावरच्या नोकरीतून साठवलेल्या पैशांतून अब्बांनी (अल्लाह त्यांची मगफिरत करो) १९८९ मध्ये ती मुंबईत जुनी घेतली आणि स्वतः चालवत कोकणात आणली. शेवटची दहा-बारा वर्षं ती जागेवरून हलली नव्हती. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली.

नव्या मुलांना सांगायला हवं की ही गाडी एके काळी काय होती. मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये उभ्या केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनायची, आणि १९७४ पासून तिचं नाव पद्मिनी झालं. गाडीसाठी नंबर लावून लोक वर्षानुवर्षं वाट बघत. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला, म्हणून पुढची सीट सलग आणि तिच्यावर तिघं मावत. अब्बा चालवायचे, खिडकीशी मी, मध्ये माझी धाकटी बहीण. कशेडी घाटात उन्हाळ्यात पेट्रोल पंपातच तापून त्याची वाफ व्हायची आणि गाडी बंद पडायची. मग अब्बा बॉनेट उघडून पंपावर ओलं फडकं ठेवायचे. पाण्याची बाटली सांभाळणं हे बहिणीचं काम. ती बाटली ती कुणाला प्यायलासुद्धा देत नसे.

आता दुरुस्तीविषयी. घरी जुनी गाडी उभी करायची म्हटलं की लोक आधी रंगाचं बोलतात. रंग सगळ्यात शेवटी. खाडीच्या खाऱ्या हवेत पत्रा वरून नाही, खालून खातो. पायाखालची रबरी मॅट उचलली तर पलीकडची जमीन दिसली. दाराखालची पट्टी बोटाने दाबली की पापडासारखी मोडायची. इथे पुटी भरून वरून रंग मारणारे कारागीर पुष्कळ आहेत. दोन पावसाळे गाडी छान दिसते, मग पुटीसकट सगळं गळून पडतं. आम्ही कुजलेला पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापला आणि नवा जोडून घेतला. वेल्डिंग मला येत नाही. ते गावातल्या गॅरेजवाल्याकडून करून घेतलं, आणि त्याआधी पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून लांब ठेवली. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा धोक्याची असते, हे नववीतल्या मुलाला सांगताना माझ्यातला मास्तर सुखावला.

टाकीत जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालं होतं. मूठभर नटबोल्ट आणि रॉकेल घालून आम्ही बापलेकांनी ती टाकी रुखवतातल्या घागरीसारखी दोन्ही बाजूंनी धरून तासभर हलवली. इंजिन जाम होतं. चारही प्लग काढून आत थोडं थोडं तेल सोडलं आणि आठ दिवस हात लावला नाही. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो, स्टार्टर मारून बघतात आणि रिंगा मोडून घेतात. नवव्या दिवशी चौथा गिअर टाकून गाडी मागे-पुढे ढकलली. आधी काही नाही, मग एकदम आतून कुरकुर झाली आणि पंख्याचं पातं बोटभर फिरलं. मुलगा इतक्या जोरात ओरडला की अम्मी वजू अर्धवट सोडून बाहेर आली.

पुढचं काम चिकाटीचं. डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासायचे, फटीचं माप गेजने घ्यायचं, प्लगच्या वायरी १-३-४-२ या क्रमाने लावायच्या. एकदा मुलाने १-२-३-४ अशा सरळ लावल्या आणि कार्बोरेटरमधून फटाका वाजला. कार्बोरेटर खोलताना प्रत्येक जेट कागदावर चित्र काढून त्या चित्रावर ठेवला. मोबाइलवर फोटो काढले असते तरी चाललं असतं, पण हाताने काढलेलं चित्र हात विसरत नाही, असं मला शाळेतही वाटतं. आणि एक नियम पहिल्या दिवसापासून पक्का: नुसत्या जॅकवर गाडी असताना खाली कुणी सरकायचं नाही. खाली लोखंडी घोड्या, चाकाला दगड, मगच माणूस.

सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाले. जिथे गाडी जन्मली त्याच कुर्ल्यात. दुकानदाराने ब्रेकच्या रबरांचं किट हातात ठेवून विचारलं, "गुरुजी, टॅक्सी आहे की हौस?"

हौस हा शब्द घरीही निघाला होता. स्वयंपाकघराच्या कौलांतून पाणी गळत असताना लोखंडात पैसे घालणं हा इस्राफ नाही का, असं बायकोने सरळ विचारलं, आणि तिचं चुकत नव्हतं. मी कौलं आधी बदलून घेतली. मग एक वही केली, महिन्याची मर्यादा ठरवली. किट, पत्रा, वेल्डिंग, दोन टायर, बॅटरी, कुर्ल्याचं एसटीचं तिकीटसुद्धा तारीखवार लिहिलं. वहीत खोट काढायला जागा नाही, असं मला वाटत होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी असरनंतर इंजिन सुरू झालं. सायलेन्सरमधून उंदराचं घरटं उडालं, निळा धूर झाला आणि मग तो ओळखीचा ठोका लागला. अम्मी पायरीवर बसून राहिली, मगरीबच्या अजानपर्यंत उठली नाही. मी व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला. मामेभावांचे पन्नास संदेश आले. बहिणीने फक्त "माशाअल्लाह" लिहिलं. ती एरवी एवढं कमी बोलत नाही.

गाडी रस्त्यावर आणायची तर कागद हवेत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण लागतं. गाडी पन्नास वर्षांची असेल तर २०२१ च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण आमची २०३४ मध्ये पन्नाशी गाठेल. त्याआधी गाडी नावावर व्हायला हवी. मालक वारला तर वारसाने तीस दिवसांत कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरायचा. आम्ही चार वर्षं उशिरा. आरटीओतल्या कारकुनाने शांतपणे सांगितलं, "बाकीच्या वारसांचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र आणा."

बाकीचे वारस. वहीत रबरी वॉशरची किंमत होती, पण हे दोन शब्द नव्हते.

अम्मीने अंगठा आणि सही दोन्ही देते म्हटलं. बहिणीच्या सासरी महाडला गेलो. तिने चहा दिला, कागद वाचला, घडी केली आणि टेबलावर ठेवला.

"भाईजान, वाडीच्या नारळांच्या हिशेबाला कधी माझी सही लागली नाही. गाडीला लागली होय?"

मी म्हणालो, सातबाऱ्यावर तुझं नाव आहेच की. ते खरं होतं. अब्बांनंतर तिन्ही नावं लागली होती आणि तेवढ्यावर आपलं काम झालं असं मी धरून चाललो होतो. पण नारळ-सुपारीचे पैसे चार वर्षं माझ्या हातात येत होते. तिला ईदला कपडे, आंब्याची पेटी, मुलांना ईदी. ते मी हिश्शात मोजत होतो. ती मोजत नव्हती.

"मला भांडायचं नाही," ती म्हणाली. "कुणी विचारेल म्हणून वाट बघत होते. मागितलं की बहीण वाईट होते, एवढंच."

परतीच्या एसटीत वहीच्या मागच्या पानावर मी हिशेब मांडला. अब्बांवर कर्ज नव्हतं, वसीयतही नव्हती. बायको, एक मुलगा, एक मुलगी: चोवीस भाग केले तर अम्मीचे तीन, माझे चौदा, बहिणीचे सात. भंगारवाल्याने गाडीचे चोवीस हजार सांगितले होते, म्हणजे तिचे सात हजार. सूरह निसामधले हे हिस्से मी दर वर्षी मशिदीतल्या सुटीच्या वर्गात मुलांना फळ्यावर सोडवून दाखवतो. आकडा बरोबर आला की मुलांना शाबासकी देतो.

सात हजार मी तिला पाठवले, तिने परत केले. "गाडीतलं माझं मी तुझ्या मुलाला दिलं. त्याने हात काळे केलेत," असा निरोप आला, आणि सोबत सही केलेलं प्रतिज्ञापत्र. खाली आणखी एक ओळ होती: "वाडीचं मात्र देणार नाही."

नारळांच्या चार वर्षांच्या पैशांचा जमेल तेवढा हिशेब व्यापाऱ्याच्या चिठ्ठ्यांवरून काढला. तिचा भाग एकरकमी देणं पगारात बसत नाही, हप्ते ठरवले आहेत. पहिला दिला, आणि रंगकाम म्हणून पुढे ढकललं. मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला आहे. बायको म्हणाली, "कौलांपेक्षा ही गळती जुनी होती."

मोजणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे. बहीण आदल्या दिवशी येणार. कागद हाती येईपर्यंत गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही, म्हणून ती एसटीनेच येईल. पण अंगणात एक फेरी मारायचं तिने मुलाकडून कबूल करून घेतलं आहे, पुढच्या सीटवर, मध्ये बसून. तोवर एक काम उरकायला हवं. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. अशा वेळी दोष बहुतेक उजव्या चाकात असतो, तिथला सिलिंडर अडकून त्याचा भार डावं चाक उचलतं. येत्या रविवारी उजवं चाक खोलणार आहोत.