दिवाणखान्यापुरता वारसा

जुन्या शहरांच्या जुन्या वस्त्यांतून गेल्या काही दशकांत एक नवा वाङ्मयप्रकार रुजला आहे. त्याचे नाव बुटीक हॉटेल. मोजक्या खोल्या, प्रत्येकीची सजावट निराळी, शिसवी पलंग, भिंतीवर कुणा अनोळखी कुटुंबाचे पिवळे पडलेले छायाचित्र, आणि या सगळ्याला मिळून सांगितली जाणारी घराची गोष्ट. वाङ्मयप्रकार हा शब्द आम्ही थट्टेने योजलेला नाही. जुन्या वास्तूतले काय राखायचे, काय गाळायचे, कशाला प्रस्तावनेत स्थान द्यायचे, हे सारे संपादकाचेच काम आहे. आणि संपादन आले की गाळलेल्या मजकुराची चौकशी करण्याचा अधिकार वाचकाकडे आपोआप येतो.

पणजीतले फोंताइन्हास हे या प्रकाराचे नमुनेदार उदाहरण. अल्तिन्होची टेकडी आणि ओरेमची खाडी यांच्या बेचक्यात ही वस्ती आहे. टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या झऱ्यावरून तिला नाव मिळाले. पर्यटन खाते आणि मार्गदर्शक पुस्तिका तिला 'लॅटिन क्वार्टर' म्हणतात. तिथे जन्म काढलेल्या माणसाला हे नाव बहुधा पाहुण्यांकडूनच कळले असावे. अरुंद रस्ते, पिवळ्या-निळ्या-तांबड्या भिंती, रस्त्यावर झुकलेले सज्जे, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या. असल्याच एका घराचे झालेल्या हॉटेलात आम्ही दोन रात्री राहिलो. त्याचे नाव येथे देत नाही, कारण आमचा मुद्दा एका हॉटेलापुरता नाही.

प्रथम ज्याचे श्रेय त्याला. गोव्यातले मोठे जुने घर टिकवणे किती अवघड आहे, हे बाहेरच्याला सहसा उमगत नाही. एक कौल सरकले की पहिल्याच पावसाळ्यात वासा कुजू लागतो. त्यात पोर्तुगीज नागरी कायद्यातून आलेल्या वारसाहक्कानुसार आईबापांच्या निम्म्या मालमत्तेवरचा मुलांचा हक्क सहसा डावलता येत नाही. तीन पिढ्यांनंतर एका घराला वीस वारस होतात. कुणी लिस्बनला, कुणी मुंबईला, कुणी कॅनडात. सही एकाची राहिली तरी छप्पर दुरुस्त होत नाही. अशा घरावर कुणी धड कौले चढवत असेल, तर त्याच्या व्यापारी हेतूला नाके मुरडणे हा पोकळ सोवळेपणा झाला.

पण छप्पर वाचले म्हणजे घर वाचले का? खोलीत एक देखणे माहितीपत्रक होते. ते आम्ही जुन्या खोडीप्रमाणे मजकूर म्हणून वाचले. त्यात घर 'उभे राहिले' होते, मेजवान्या 'झडल्या' होत्या, पियानोचे सूर 'घुमले' होते. चिरा घडवणारा, मेजवानी रांधणारी, पियानो पुसणारी माणसे कोणत्याही वाक्यात कर्त्याच्या जागी नव्हती. आणि घराला सरसकट 'पोर्तुगीज' म्हटले होते. वास्तविक या वस्तीतली अनेक घरे गोमंतकीय कुटुंबांची, इथल्याच चिऱ्याची, इथल्याच हातांनी बांधलेली. काही तर हिंदू कुटुंबांची, मध्ये राजांगण असलेली. 'पोर्तुगीज' हे विशेषण वास्तुशास्त्राचे कमी आणि बाजारपेठेचे अधिक आहे.

सगळ्यात बोलकी जागा स्वयंपाकघराची. वरच्या थरातल्या ख्रिस्ती घरांत दिवाणखान्यात पोर्तुगीज चाले, पण चुलीपाशी कोंकणीच. म्हणजे घराच्या दोन भाषा होत्या आणि दुसरीचा पत्ता मागल्या दाराचा होता. आम्ही उतरलो तिथे चुलीच्या जागी स्वागतकक्ष आहे. रगडा ठेवला आहे, पण त्यात पाणी भरून चाफ्याची फुले तरंगत सोडली आहेत. दिवाणखाना मात्र जसाच्या तसा, खुर्च्यांच्या वेतासकट. ज्या खोल्या ते घर पूर्वीही परक्यालाच दाखवीत असे, तेवढ्याच आज 'वारसा' म्हणून शिल्लक आहेत.

याच्या उलट अनुभव त्याच गल्लीच्या टोकाला येतो. सेंट सेबॅस्टियनच्या चॅपेलमधला क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १८१२ साली इन्क्विझिशन बंद झाल्यावर तो पणजीच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये इथे. त्यावरच्या ख्रिस्ताचे डोळे उघडे आहेत. १५६० पासून चाललेल्या त्या न्यायासनाची ही वस्तू चॅपेलमध्ये लपवलेली नाही आणि सजवलेलीही नाही. लोक तिच्यासमोर रोज प्रार्थना करतात. माहितीपत्रकात चॅपेल होते, 'रमणीय' या विशेषणासह. इन्क्विझिशन नव्हते.

वस्तीत राहणाऱ्यांचे काय? काही घरांवर छायाचित्रे काढू नयेत अशा पाट्या दिसतात. ज्यांच्या उंबऱ्यावर लग्नाआधीची जोडपी फोटोसाठी बसतात, त्यांना घरातून बाहेर पडताना परवानगी मागावी लागते, ही विनोदी वाटणारी गोष्ट विनोदी नाही. हॉटेले वाढली की भाडी वाढतात, वाणसामानाच्या दुकानाच्या जागी कॅफे येतो, आणि राहणारा हळूहळू दृश्याचा भाग होतो.

हॉटेलात एक पुस्तकांचे कपाटही होते. प्रवासवर्णने इंग्रजीत, एक पोर्तुगीज शब्दकोश, पाककृतींची दोन पुस्तके. मराठी किंवा कोंकणी एकही नाही. मराठीत आणि कोंकणीत कथा लिहिणारे, पोर्तुगीजमध्येही लेखन करणारे लक्ष्मणराव सरदेसाई याच गोव्याचे; त्यांचे एखादे पुस्तक तिथे असते तर सगळ्या सजावटीला थोडा तोल आला असता.

हल्ली महाविद्यालयांच्या सहली फोंताइन्हासला येतात. साहित्याच्या शिक्षकांना आम्ही सुचवू की त्यांनी असे एखादे माहितीपत्रक वर्गात वाचायला द्यावे आणि विद्यार्थ्यांना त्यातले कर्ते शोधायला सांगावेत. मग सर्वांनी लागूनच असलेल्या मळ्यात जावे. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवरून फोंताइन्हासची कौले दिसतात, आणि मागली दारेही.