तेवीस किलो कुणासाठी? परदेशी निघालेल्या आई-वडिलांच्या बॅगेविषयी

मार्च-एप्रिल उजाडला की दवाखान्यात एका ठरावीक प्रकारचे पेशंट वाढतात. वय साठ ते पंच्याहत्तर, मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, तिकिटं काढून झालेली, मुक्काम पाच-सहा महिन्यांचा. ‘सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून द्या आणि प्रवासाला हरकत नाही ना, तेवढं बघा,’ अशी मागणी असते. मी रक्तदाब, साखर, ईसीजी सगळं बघतो. शेवटी एक प्रश्न विचारतो, त्याचं त्यांना नवल वाटतं: ‘बॅगा किती आणि केवढ्या?’

उत्तर ठरलेलं असतं. दोघांच्या मिळून चार, प्रत्येकी २३ किलोच्या. शिवाय हातातल्या दोन.

म्हणजे ९२ किलो, वर हातातलं चौदा-पंधरा. वाहणाऱ्यांपैकी एकाचे गुडघे गेलेले, दुसऱ्याला स्टेंट बसवलेला. याला मी प्रवासाचं सामान म्हणत नाही. ही मालवाहतूक आहे, आणि हमाल म्हणून आपण घरातली सर्वांत वयस्कर माणसं नेमली आहेत. हे थांबायला हवं, एवढंच मला या लेखात सांगायचं आहे.

२३ किलो हा आकडा तुमच्या पाठीला विचारून ठरलेला नाही

विमान कंपनी २३ किलो नेऊ देते म्हणजे तेवढं वजन आपण उचलू शकतो, असा आपला एक गोड गैरसमज आहे. अमेरिकेत कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणारी ‘नायोश’ नावाची सरकारी संस्था आहे. हातांनी वजन उचलण्याबाबत तिचं एक सूत्र आहे, १९९१ साली सुधारलेलं. योगायोग असा, की त्यातही सुरुवातीचा आकडा २३ किलोच आहे. पण तो केव्हा लागू? वस्तू अंगाजवळ असेल, साधारण मांडीच्या उंचीवर असेल, पकड चांगली असेल, कंबर वळवावी लागत नसेल आणि हे क्वचितच करायचं असेल तेव्हा. तेही निरोगी, कामाला सरावलेल्या माणसासाठी.

आता विमानतळावरचा सामानाचा पट्टा आठवा. बॅग आडवी पडलेली, पट्टा खाली, बॅग शरीरापासून लांब आणि ती सरकत चाललेली. बाजूला गर्दी. तुम्ही वाकता, एका हाताने मूठ धरता, कंबरेतून वळता आणि हिसका देऊन ओढता. बॅग जमिनीलगत, घोट्यांपासून ४० सेंटीमीटर पुढे आणि कंबर ४५ अंशात वळलेली, एवढ्याच गोष्टी त्या सूत्रात घातल्या तरी २३ चे दहा किलोसुद्धा उरत नाहीत. तुमचं वय, हाडांची ठिसूळता आणि चौदा-सोळा तास बसून आखडलेले स्नायू यांचा हिशेब त्यात अजून धरलेलाच नाही.

परिणाम काय होतात, ते आमच्यासारखे डॉक्टर बघतात. पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांची हाडं विरळ होत जातात. अशा बाईने वाकून जड वस्तू उचलली तर पाठीच्या कण्यातला मणका दबून मोडू शकतो. पडावंही लागत नाही, मारही लागावा लागत नाही. ‘पाठीत चमक भरली’ म्हणून महिनाभर बाम चोळला जातो आणि एक्स-रे काढल्यावर मणका चेपलेला दिसतो. सीटवरच्या कप्प्यात बॅग चढवताना खांद्याचा झिजलेला स्नायूबंध फाटतो. श्वास रोखून जोर लावल्यावर रक्तदाब काही क्षण एकदम चढतो. हर्निया असेल तर तो वाढतो, ऑपरेशन झालेलं असेल तर पुन्हा उद्भवू शकतो. बायपासनंतर छातीचं हाड जुळेपर्यंत किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे काही आठवडे जड उचलू नका, हे आम्ही सांगतो आणि पेशंट ते घरी पाळतातही. विमानतळावर मात्र तो नियम लागू नाही असं सगळे धरून चालतात.

आणि दुखापतीसाठी विमानतळच लागतो असं नाही. सामान भरताना घरीच बघा. बॅग छातीशी धरून वजनकाट्यावर उभं राहायचं, किंवा हातात लटकवायच्या काट्याला ती अडकवून वर उचलायची. अर्धा किलो जास्त भरलं की उघडायची, पापडाचं पुडकं काढायचं, पुन्हा उचलायची. एका संध्याकाळी आठ-दहा वेळा. निघण्याच्या आदल्या दिवशी कंबर धरून येणारे पेशंट याच खेळातून आलेले असतात.

नेहमीचे चार युक्तिवाद

‘बॅगेला चाकं आहेत.’ आहेत. पण ती फरशीवर चालतात. टॅक्सीच्या डिकीत, स्कॅनरच्या पट्ट्यावर, जिन्यावर आणि मुलाच्या दारापुढच्या पायऱ्यांवर नाही. शिवाय अमेरिकेत ज्या शहरात तुम्ही पहिल्यांदा उतरता तिथे साधारणपणे सगळ्या बॅगा ताब्यात घेऊन, कस्टममधून काढून, पुढच्या विमानासाठी पुन्हा द्याव्या लागतात. मुंबईत दिलेली बॅग थेट शेवटच्या मुक्कामी मिळेल या भरवशावर राहू नका.

‘व्हीलचेअर सांगितली आहे.’ उत्तम केलंत. पण ती खुर्ची ढकलणाऱ्या माणसालाही दोनच हात असतात. दोन खुर्च्या आणि चार बॅगा असल्या की कुणीतरी एक जण खुर्चीतून उठतोच, आणि बहुतेक वेळा ज्याने उठू नये तोच उठतो.

‘तिकडे मिळत नाही.’ तीस वर्षांपूर्वी हे खरं होतं. आज न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किंवा कॅलिफोर्नियात बे एरियात भारतीय वाणसामानाची दुकानं शोधावी लागत नाहीत. तूरडाळ, पोहे, हिंग, कणीक सगळं मिळतं. आईच्या हातचा गोडा मसाला मिळत नाही, हे मला मान्य आहे. पण तो अर्धा किलो पुरतो. त्याच्या आडून चकलीची भाजणी, तीन प्रकारची लोणची, चार प्रकारचे पापड आणि नातवाची पुस्तकं असं चाळीस किलो चढतं. त्यातलं लोणचं-पापड म्हणजे मीठच. ज्यांना मी वर्षभर मीठ कमी करा म्हणतो, तेच ते समुद्रापार वाहून नेतात आणि सहा महिने मुलांसोबत बसून खातात.

‘वजन मिळतंय तर का सोडायचं?’ हा सगळ्यात लाडका युक्तिवाद. पंगतीत वाढपी आग्रह करतो म्हणून आपण पोट फुटेस्तोवर खात नाही. मर्यादा म्हणजे उद्दिष्ट नव्हे. २३ किलोच्या पुढे दंड घ्यायचा हे कंपनी ठरवते. किती उचलायचं हे तुमच्या कण्याने ठरवायचं.

जड बॅगेत सगळं असतं, गोळ्या मात्र चुकीच्या जागी

सामानाच्या या हव्यासाचा सर्वांत वाईट परिणाम औषधांवर होतो. हातातली बॅग फराळाने आणि कॅमेऱ्याने भरते, आणि सहा महिन्यांच्या गोळ्या ‘सुरक्षित राहतील’ म्हणून मोठ्या बॅगेत तळाशी जातात. ती बॅग एक दिवस उशिरा आली, तर? साडी उशिरा आली तर चालतं. अपस्माराची गोळी, रक्त पातळ ठेवणारी गोळी, स्टिरॉइड किंवा हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी अचानक बंद झालेली चालत नाही. इन्सुलिन तर सामानाच्या कप्प्यात कधीच ठेवू नये. तिथल्या थंडीत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी भरवशाचं राहत नाही.

म्हणून औषधं, इन्सुलिन, सुया, ग्लुकोमीटर, चष्मा, श्रवणयंत्र आणि मेडिकल फाईल हे सगळं हातातल्या बॅगेत. हातातल्या द्रवांना १०० मिलीची मर्यादा असली तरी गरजेच्या औषधांना अमेरिकेत सवलत आहे. तपासणीच्या वेळी ती वेगळी काढून दाखवा. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. गोळ्या मूळ पाकिटात ठेवा. डब्यात सुट्या ओतू नका. चिठ्ठी इंग्रजीत असू द्या आणि तिच्यावर औषधाचं मूळ नाव हवं, कारण आपली कंपन्यांची नावं तिथे कुणाला कळत नाहीत. साधं पॅरासिटामॉलही अमेरिकेत ॲसिटामिनोफेन नावाने ओळखलं जातं.

परदेशातून आणलेली औषधं अमेरिकेत वैयक्तिक वापरासाठी साधारण ९० दिवसांपुरती असावीत अशी तिथल्या एफडीएची मार्गदर्शक सूचना आहे. मुक्काम त्याहून मोठा असेल तर पुढच्या गोळ्यांचं काय, हे निघण्याआधी डॉक्टरांशी आणि मुलांशी बोलून ठरवा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल, झोपेच्या काही गोळ्या यांवर अनेक देशांत कडक निर्बंध आहेत. दुबईकडे जाणाऱ्यांनी स्वयंपाकघरही तपासावं. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, आणि ती आपल्या अनारशांवर असते, बऱ्याच घरी गोड्या मसाल्यातही असते. अमेरिकेत ताजी फळं, ताजा कढीपत्ता नेऊ नका.

मग बॅग कशी घ्यावी?

माणशी एकच मध्यम बॅग, २४-२५ इंची. मोठी २८-२९ इंची बॅग रिकामीच चार-पाच किलोची असते, आणि घरात आली की ती भरल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मध्यम बॅग भरून १५ किलोच्या आत ठेवा. सहा महिन्यांना सहा महिन्यांचे कपडे लागत नाहीत. मुलाच्या घरी वॉशिंग मशीन आहे.

चार चाकांची बॅग उभीच ढकलता येते, मनगटावर आणि खांद्यावर भार येत नाही, म्हणून ज्येष्ठांना ती बरी. उतारावर ती पळते, तेवढं सांभाळा. मूठ वरच्या बाजूला आणि कडेलाही हवी, म्हणजे दोन्ही हातांनी पकडता येते. दुकानात रंग बघण्याआधी मूठ ओढून बघा, बॅग आडवी-उभी करून बघा.

हातात चाकांची केबिन बॅग नकोच. ती कुणीतरी डोक्यावर चढवावी लागते. त्याऐवजी दोन पट्ट्यांची छोटी पाठीवरची बॅग घ्या, चार-पाच किलोच्या आत. एका खांद्यावरची पर्स पासपोर्ट, फाईल, पाणी भरून मान वाकडी करते. ही बॅग समोरच्या सीटखाली जाते, पण पाय पसरायला जागा उरेल एवढीच लहान असू द्या. लांबच्या प्रवासात पाय हलले नाहीत तर पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

शेवटची परीक्षा घरी घ्या. भरलेली बॅग श्वास न रोखता, न वळता, जमिनीवरून खुर्चीवर ठेवता येते का? नाही आली तर सामान काढा. दुसऱ्याला उचलायला बोलावून ही परीक्षा पास होत नाही. ज्यांना डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे त्यांनी ही परीक्षाही देऊ नये. त्यांच्या नावावर बॅगच नको, पाठीवरची एक पुरे.

आता मुलांसाठी दोन शब्द

यादी तुम्ही पाठवता. ‘आई, जमलं तर हेही आण,’ एवढंच लिहिता, पण आईला ‘जमलं तर’ हे शब्द ऐकू येत नाहीत. ती जमवते. तिच्या हातचं खायची ओढ खोटी नाही, तिचं भरून आणणंही खोटं नाही. पण ते प्रेम तिच्या मणक्यावरून का न्यायचं? तिच्याकडून लोणच्याची कृती फोनवर घ्या, कैऱ्या तिकडे मिळतात, ती आली की सोबत बसून घाला. आणि परत पाठवताना मल्टीव्हिटॅमिनचे डबे, शाम्पू, चॉकलेटं, नातेवाइकांसाठी घड्याळं यांनी तीच बॅग पुन्हा २३ वर नेऊ नका.

या वर्षी आई-वडिलांना तिकीट पाठवाल तेव्हा सोबत एकच ओळ लिहा: ‘काही आणू नका, तुम्ही या.’ आणि त्यांनी विचारलंच, तर अर्धा किलो गोडा मसाला सांगा. तेवढ्याला माझी, डॉक्टर म्हणून, हरकत नाही.