लवंग घेताना नखाने दाबून पाहा

उन्हाळ्यात वर्षाचा काळा मसाला करायचा म्हणून आम्ही बेलापूरच्या आठवडे बाजारातून पन्नास ग्रॅम लवंग आणली. नेहमीपेक्षा स्वस्त मिळाली म्हणून खूश झालो. "अस्सल झांझिबारची आहे, ताई," असे विकणारा म्हणाला. मसाला झाला, पण त्याला वासच आला नाही. पुढे आमच्या नातीची दाढ दुखू लागली. डब्यात उरलेली तीच लवंग तिला दाढेखाली धरायला दिली. पोर म्हणाली, "आजी, लाकूड चावल्यासारखं लागतंय." खरेच होते. त्या लवंगेतले तेल आधीच कुणीतरी काढून घेतले होते. पैसे आमचे गेले, तेल दुसऱ्याला मिळाले, आमच्या पदरी काड्या आल्या.

म्हणून या वेळी लवंगेविषयी चार गोष्टी सांगतो.

लवंग हे फळ नाही, बीही नाही. ती न उमललेली कळी आहे. झाडावर कळ्यांचे झुबके येतात. हिरवी कळी गुलाबी होऊ लागली की उमलण्याआधीच ती हाताने खुडतात. फूल उमलले की माल हलका ठरतो. खुडलेल्या कळ्या देठापासून वेगळ्या करून चार-पाच दिवस उन्हात वाळवतात. तीन किलो ओल्या कळ्यांची जेमतेम एक किलो लवंग होते. झाड लावल्यावर पहिला बहर यायलाच सात-आठ वर्षे लागतात. लवंग महाग का, याचे उत्तर यातच आहे.

हिचे मूळ घर इंडोनेशियातील मोलुक्का बेटे. डचांनी तिथला सगळा व्यापार आपल्या मुठीत ठेवण्यासाठी एका बेटावर लवंग राखली आणि इतर बेटांवरची झाडे तोडून टाकली. 1770 च्या सुमारास पिएर प्वाव्र या फ्रेंच अधिकाऱ्याने तिथून रोपे चोरून मॉरिशसला आणवली. तिथून लवंग आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या झांझिबारला पोचली. ओमानचा सुलतान सय्यद सईद याने तिथे बागाच बागा लावल्या आणि 1840 च्या सुमारास मस्कतहून राजधानीही झांझिबारला हलवली. झांझिबार आणि शेजारचे पेंबा बेट लवंगेसाठी जगभर गाजले.

पण त्या बागा कुणाच्या घामावर उभ्या राहिल्या? आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या. तिथली गुलामगिरी कायद्याने बंद व्हायला 1897 साल उजाडले. आमच्या शेजारच्या हरेगावात 1939 साली वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी परिषद घेतली, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. फुकट राबवून घेणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

झांझिबारची लवंग मुंबई बंदरात उतरे. तिथल्या सरकारने कायदे करून हिंदी व्यापाऱ्यांना या धंद्यातून बाजूला सारायला सुरुवात केली, तेव्हा 1937 साली काँग्रेसने आपल्या देशात झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला. गिऱ्हाईक तुटल्यावर 1938 साली तडजोड करावी लागली. विकत घेणाऱ्याच्या हातातही ताकद असते, ती अशी.

आता आपल्याकडे मादागास्कर, टांझानिया, श्रीलंका, इंडोनेशिया अशा अनेक देशांतून लवंग येते. झांझिबार हे टांझानियातच मोडते. आपल्या देशातही केरळ, कर्नाटक आणि तमिळनाडूत लवंग होते. कन्याकुमारीच्या लवंगेला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. कोकणातही नारळी-पोफळीच्या सावलीत लवंगेची झाडे लावतात.

मग बेलापुरात का होत नाही? प्रवरेच्या पाटपाण्यावर आपल्याकडे ऊस झाला, पण लवंगेला नुसते पाणी पुरत नाही. तिला दमट हवा, भरपूर पाऊस, सावली आणि निचऱ्याची जमीन लागते. आपला उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो, पाऊस थोडा आणि काळी माती पाणी धरून ठेवते. तेव्हा "दारात लवंग लावा" म्हणून कुणी रोप विकायला आला तर पैसे घालवू नका.

चांगली लवंग ओळखणे सोपे आहे. डोक्यावरची गोल घुंडी शाबूत हवी. रंग तांबूस तपकिरी हवा. नखाने दाबली की तेलाचा ओलावा दिसला पाहिजे आणि बोटाला वास राहिला पाहिजे. पेलाभर पाण्यात चार लवंगा टाका. चांगली लवंग बुडते किंवा घुंडी वर करून उभी तरंगते. तेल काढलेली आडवी तरंगते. सुरकुतलेली, काळपट, घुंडी झडलेली, देठांची भेसळ असलेली लवंग स्वस्त मिळाली तरी महागच पडते. पुडी लहान घ्या, पण पारखून घ्या.

आता नातीचे सांगतो. लवंग लागू पडेना म्हणून आम्ही तेलाची बाटली आणली आणि थेट दाढेवर थेंब सोडले. हिरडी भाजली, पोर रात्रभर रडली. दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरांकडे नेले, तर दाढ आतपर्यंत किडलेली. लवंगेच्या तेलातले युजेनॉल दुखणे तात्पुरते बधिर करते. दातांचे डॉक्टरही ते जस्ताच्या भुकटीत कालवून दात भरायला वापरतात. पण कीड त्याने जात नाही. दुखणे थांबले म्हणून आपण दवाखाना पुढे ढकलतो आणि दात जातो. शिवाय ही बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. एक-दोन चमचे तेल पोटात गेल्याने लहान मुलांना झटके आल्याचे, यकृताला इजा झाल्याचे दाखले आहेत.

नातीची दाढ वाचली. आता बाजारात गेलो की तीच आधी पुढे होते, पुडीतली एक लवंग उचलते आणि नखाने दाबून पाहते.