व्हिसा मिळाला, आता राहायला शिका

जुलै-ऑगस्ट उजाडला की आपल्या चौकांत एक नवा फ्लेक्स दिसायला लागतो. कोट घातलेला मुलगा किंवा मुलगी, मागं विमान, कोपऱ्यात त्या देशाचा झेंडा आणि खाली मित्रमंडळाची आठ-दहा नावं. 'उच्च शिक्षणासाठी परदेशी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' कराड, वाई, विटा, मिरज, कुठंही जा, आता याचं कुणाला नवल वाटत नाही. कुणाचा भाऊ जर्मनीत आहे, कुणाची मैत्रीण आयर्लंडला, कुणी नर्सिंग करून जर्मन भाषेचा क्लास लावून बसलंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केल्यापासून तर तालुक्याच्या गावातही 'ए-वन, ए-टू' हे शब्द पोरांच्या तोंडी आलेत.

तुमच्यापैकी कुणी या वर्षी निघालं असेल, तर आधी मनापासून अभिनंदन. आता एक प्रश्न. गेल्या वर्ष-दीड वर्षात तुम्ही काय काय केलंत? परीक्षेचा क्लास, एसओपी, शिफारसपत्रं, कन्सल्टंटच्या ऑफिसच्या चकरा, कर्जासाठी घराचे कागद, व्हिसाची मुलाखत. सगळी तयारी जायची. तिथं राहायची तयारी किती झाली?

हा टोमणा नाही. कारण ही तयारी करून घेणारी जागाच आपल्याकडं नाही. कन्सल्टंटचं काम व्हिसाचा शिक्का पडला की संपतं. बँकेचं काम कर्जाचा हप्ता ठरला की संपतं. कॉलेजचं काम तर ट्रान्सक्रिप्ट दिल्यावरच संपलेलं असतं. आणि तुमचं खरं काम विमान उतरल्यावर सुरू होतं.

गंमत म्हणजे लांब जाऊन राहणं आपल्या दोन जिल्ह्यांना अजिबात नवं नाही. १८३९ मध्ये इंग्रजांनी साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथंच राहिले. मधल्या काळात महाराज काशीत वारले, १८४८ मध्ये राज्यही खालसा झालं. पत्राचं उत्तर यायला महिने लागायचे, पैशांची ओढाताण वेगळीच. तरी हा माणूस त्या परक्या शहरात वर्षामागून वर्षं टिकून राहिला.

तेवढं मागं जायचं नसेल, तर विटा, आटपाडी, खानापूर, तासगाव किंवा माण-खटावकडं बघा. दुष्काळानं शेती साथ देईना, तेव्हा इथली माणसं जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या गलाई धंद्यात देशभर पसरली. तमिळनाडू, केरळ, बंगाल, दिल्ली, अगदी नेपाळपर्यंत. सतरा-अठरा वर्षांच्या ज्या पोरानं सांगलीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं, त्याच्यासाठी कोइंबतूर म्हणजे परदेशच. भाषा येत नाही, अक्षर वाचता येत नाही, ताटात सांबार-भात. पण ते पोर एकटं जात नव्हतं. मामाच्या, चुलत्याच्या नाहीतर भावकीतल्या कुणाच्या तरी दुकानात जायचं. काम शिकता शिकता तमिळ शिकायचं. कुठल्या गल्लीत खोली मिळते, कुणाशी उधारी ठेवायची, कुणाशी नाही, आजारी पडलं तर कुठल्या डॉक्टरकडं जायचं, हे सगळं सांगायला आधीचं कुणीतरी तिथं असायचं.

मुंबईच्या गिरणगावातही तेच. गावाच्या नावानं खोली असायची. पाळी बदलेल तशी माणसं आळीपाळीनं तिथं झोपायची, खाणावळीत जेवायची आणि महिन्याला गावी मनीऑर्डर करायची. नवा माणूस एसटीतून उतरला की त्याला थेट त्या खोलीवर नेलं जायचं. त्याला कुणी 'ओरिएंटेशन' म्हणत नव्हतं, पण होतं ते ओरिएंटेशनच.

आजची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या गल्लीतले चार जण परदेशी असतील, पण एक कॅनडाच्या एका टोकाला आणि दुसरा पोलंडला. तुमच्या गावची खोली तिथं नाही. तुम्हाला घ्यायला स्टेशनवर मामा येणार नाही. म्हणून आधीच्या पिढीला जे आपोआप मिळायचं, ते तुम्हाला ठरवून शिकावं लागणार आहे.

जर्मनीचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याकडून बरेच जण तिकडं जातात. घर मिळालं की दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. ही नोंदणी झाली नाही तर कर क्रमांक अडतो, पुढची कितीतरी कामं अडतात. म्हणजे 'चार दिवस मित्राकडं राहू, मग बघू' हे आपलं गणित तिथं चालत नाही. खोली बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नको, 'इथं पत्ता नोंदवता येईल का' हा हवा. आणि खोली न बघता, फोटोवर भाळून डिपॉझिट कुणाच्या खात्यावर टाकू नका. घराच्या घाईत असलेला नवा विद्यार्थी हे भामट्यांचं आवडतं गिऱ्हाईक आहे.

मग पैसा. जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. रुपयांत ती रक्कम दहा लाखांच्या वर जाते, म्हणून घरात सगळ्यांना ती डोंगराएवढी वाटते. पण हातात येतात महिन्याला ९९२ युरो. त्यातून भाडं, आरोग्य विमा, जेवण, फोन. शिवाय प्रत्येक घराला महिना १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीचा आकार भरावा लागतो, घरात टीव्ही असो वा नसो. त्याचं पत्र जर्मन भाषेत येतं आणि कळलं नाही म्हणून बरेच जण ते बाजूला ठेवतात. असं करू नका. तिथं पोस्टानं आलेलं प्रत्येक पत्र उघडायचं आणि वाचायचं, हा पहिला नियम पाठ करा.

बाकी गोष्टी दिसायला बारीक आहेत. रविवारी दुकानं बंद, त्यामुळं शनिवारीच भाजी आणायची. कचरा वेगवेगळ्या डब्यांत टाकायचा. पाण्याच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनला दिली की ती परत मिळते. रात्री दहानंतर कुकरची शिट्टी नको. आणि हो, दूध व दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात नेता येत नाहीत. त्यामुळं तूप आणि साताऱ्याचे कंदी पेढे इथंच पोटभर खाऊन घ्या. कांदा-लसूण चटणी मात्र बॅगेत नक्की टाका. आणि आईनं दिलेल्या चटणीबरोबर आईकडून वरण-भात, पोळी आणि दोन भाज्याही शिकून घ्या. हे मुलांना जास्त सांगतेय, कारण मुलींना आपल्याकडं कुणी न विचारताच शिकवलेलं असतं.

ब्रिटनला जाणाऱ्यांनी आरोग्याचा सरचार्ज व्हिसाबरोबरच भरलेला असतो, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड. पण जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं काम कित्येक जण ताप येईपर्यंत पुढं ढकलतात. पैसे भरलेत ना? मग पहिल्याच आठवड्यात नाव नोंदवा.

आता कामाचं. ब्रिटनमध्ये कॉलेज चालू असताना पदवीच्या विद्यार्थ्यांना साधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येतं. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा २४ तास आहे, जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. हप्त्याच्या काळजीनं कुणीतरी रोखीनं जास्त तास करायला सुचवतं. त्यात पैसे थोडे मिळतात, पण पणाला व्हिसा लागतो. आणि ज्यांना हॉटेलात भांडी घासायची लाज वाटते, किंवा ज्यांच्या घरच्यांना ती वाटते, त्यांना एवढंच सांगायचंय की आपण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जिल्ह्यातले आहोत. १९४७ मध्ये साताऱ्यात सुरू झालेलं छत्रपती शिवाजी कॉलेज 'कमवा आणि शिका' याच तत्त्वावर उभं राहिलं. तिथल्या पोरांनी राबत डिग्री घेतली, त्याचा आपण अभिमान बाळगतो. मग तुमच्या ॲप्रनची लाज कसली?

पण सगळ्यात अवघड भाग यातला कुठलाच नाही. तो येतो नोव्हेंबरमध्ये. सुरुवातीचे फोटो टाकून झालेले असतात. डिसेंबरात बर्लिनला दुपारी चारच्या आसपास सूर्य मावळतो. खोलीत तुम्ही एकटे. भारतात तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, घरी जेवणं चालू असतात. व्हिडिओ कॉल येतो. आई विचारते, 'जेवलास का? बरा आहेस ना?' आणि तुम्ही म्हणता, 'एकदम मस्त!' कारण खरं सांगितलं तर ती रात्रभर झोपणार नाही. बाबांनी घर तारण ठेवलंय. चौकात फ्लेक्स लागला होता. आता 'मला इथं करमत नाही' असं म्हणायचं कुठल्या तोंडानं?

ज्या मुलांशी बोलले, त्यांतल्या बहुतेकांनी हेच सांगितलं. पेपर अवघड होता, थंडी होती, हे सगळं निभावलं. खोटं 'मस्त' म्हणणं जड गेलं.

म्हणून घरच्यांनाही सांगायचंय. काका, काकू, पहिले सहा महिने 'जॉबचं काय झालं?' हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी 'आज काय रांधलंस? कुणाशी बोललास?' असं विचारा. आणि निघण्याआधीच पोराला स्पष्ट सांगा, की अडचण आली तर लपवायची नाही. एखादा विषय राहिला, नोकरी उशिरा लागली, तरी या घराचं दार बंद होत नाही. हे एक वाक्य महागड्या जॅकेटपेक्षा जास्त ऊब देतं.

तुम्हालाही एक सांगायचंय. परदेशी गेल्यावर मराठी माणसं शोधाच. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि इतर देशांतही बऱ्याच मोठ्या शहरांत मंडळं आहेत. गणपतीत आरती म्हणताना घसा दाटून येतो, तेव्हा सोबतीला कुणीतरी हवंच. पण चार मराठी पोरांच्या फ्लॅटमध्येच दोन वर्षं काढू नका. गलाईवाल्यांनी भावकीचा आधार घेतला, पण गिऱ्हाईकाशी तमिळ-मल्याळममध्येच बोलले, म्हणून तिथं टिकले आणि गावच्या जत्रेलाही येत राहिले. शेजाऱ्याला त्याच्या भाषेत 'नमस्कार' म्हणता येणं ही परक्या गावातली पहिली खोली समजा.

काही जण म्हणतील, 'त्यात काय शिकवायचं? पोरं ठेचकाळत शिकतातच की.' शिकतात, खरं आहे. पण प्रत्येक ठेचेची किंमत युरोत असते आणि ती इथल्या घरावरच्या कर्जातून जाते. आखातात मजुरीला जाणाऱ्यांसाठी परराष्ट्र मंत्रालय जाण्याआधी एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण देतं. करार कसा वाचायचा, तिथले नियम काय, अडचणीत कुणाला गाठायचं, हे त्यात सांगतात. मग आपल्या कॉलेजांना असा एक दिवस ठेवायला काय हरकत आहे? सांगलीचं वालचंद असो की कराडचं गव्हर्नमेंट इंजिनिअरिंग, माजी विद्यार्थी जगभर आहेत. जूनमधला एक शनिवार ठरवा. ज्या देशात मुलं जाणार, तिथले दोन सीनियर ऑनलाइन बसवा. घरभाडं, बँक, दवाखाना, कामाचे तास, एकटेपणा, एवढे पाच विषय घ्या. पालकांनाही बोलवा. याला ना अनुदान लागतं ना इमारत. गिरणगावातली ती खोली आता अशीच बांधता येईल.

तोपर्यंत निघणाऱ्यांनी एवढं करा. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नाव नोंदवा. तिथला तातडीचा फोन नंबर पाठ करा, युरोपात ११२, ब्रिटनमध्ये ९९९, कॅनडा-अमेरिकेत ९११. विद्यापीठात समुपदेशक कुठं बसतो ते पहिल्या आठवड्यात बघून ठेवा, गरज पडायच्या आधीच. आणि वर्षभरानं तुम्ही रुळलात, की तुमच्या तालुक्यातून येणाऱ्या पुढच्या पोराला घ्यायला स्टेशनवर जा.