खाऱ्या तलावात झिओलाईट? माझं मत: नको

कोळंबीच्या तलावात अमोनिया वाढला की आपण झिओलाईटची पोती आणतो. मीही टाकलीत, तीसुद्धा उधारीवर. झिओलाईट अमोनिया धरून ठेवतं, पण ते गोड्या पाण्यात. खाऱ्या पाण्यातलं सोडियम त्याची जागा आधीच अडवून बसतं. दुकानदार हे कशाला सांगेल!

अमोनिया येतो कोळंबीच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून. चेक ट्रे उचलून बघा. खाद्य उरलंय? मग पुढच्या वेळचं कमी करा, एरेटर बंद ठेवू नका. पोत्यांचे पैसे डिझेल-विजेला लावलेले बरे.

आणि सकाळचा आकडा बघून निर्धास्त राहू नका. दुपारी पीएच चढतो, तेव्हा तेवढाच अमोनिया जास्त विषारी होतो. टेस्ट दुपारीही करा.