हमखास दिसणारा ताहर

ताडोब्यात वाघ दिसला नाही तर ग्रुपची समजूत कशी घालायची, हे आपल्या धंद्यात सगळ्यांनाच जमते. मुन्नारजवळच्या एराविकुलम राष्ट्रीय उद्यानात पंचाईत उलटी आहे. राजमलाला वनखात्याच्या बसमधून उतरून डांबरी रस्त्याने थोडे चढले की नीलगिरी ताहर बहुधा कडेलाच चरताना भेटतो. पाच मिनिटांत सेल्फी उरकतात, ‘आता पुढे काय?’ सुरू होते आणि टूर लीडर मंडळींना चहाच्या फॅक्टरीकडे वळवतो. एवढे चांगले साइटिंग असे फुकट घालवू नये.

हा प्राणी माणसाला बुजत नाही, यामागे मोठी राखण आहे. मळेवाल्या साहेबांनी शिकारीसाठी राखलेले हे रान. त्याची राखण मुथुवन आदिवासी करत. 1975 मध्ये ते अभयारण्य झाले, 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान. ही राखण आता आपणही चालवायची: ग्रुपमधल्या कुणी ताहरला द्यायला बिस्किटाचा पुडा काढला, तर तो परत बॅगेत घालायला लावणे हे लीडरचेच काम. गार्डची वाट कशाला बघायची?

आणि मान जरा वर करायला सांगावे. समोर अनाईमुडी आहे, 2695 मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईहून हजारभर मीटरने उंच. ‘इथली झाडे तोडली का हो?’ हा प्रश्न येणारच. तोडलेली नाहीत. घळीघळींत दाटलेले शोला जंगल आणि उतारांवरचे गवत ही इथली मूळचीच मांडणी. ताहरला चरायला हे गवत लागते आणि बिबट्या किंवा कोळसुंदे मागे लागले की चढायला कडा लागतो. यातले एक गेले तर दुसरे असून उपयोग नाही. याच गवतात बारा वर्षांनी नीलकुरिंजी फुलते: 2018 ला फुलली, आता 2030. कारवीचा बहर पाहिलेल्या मराठी माणसाला हे फार समजवावे लागत नाही.

खरी तक्रार फेब्रुवारी-मार्चच्या सहलींबद्दल आहे. तेव्हा ताहरची वीण असते. मादीला बहुधा एकच करडू होते, म्हणून वनखाते या सुमारास उद्यान पर्यटकांना बंद ठेवते. हे दरवर्षीचे आहे. तरीही काही आयोजक कार्यक्रमपत्रिकेत एराविकुलम छापतात आणि मुन्नारला पोहोचल्यावर ‘अचानक बंद’ म्हणून हात वर करतात. गिऱ्हाइकाच्या मनात मग वनखाते खलनायक ठरते. असली सारवासारव आम्हाला पटत नाही.

फोटोवाल्या ग्रुपसाठी एक सुचवणे. पाठीवर रुपेरी झाक असलेले मोठे, गडद नर एरवी बरेचदा कळपापासून वेगळे असतात. माजाच्या दिवसांत, म्हणजे भर पावसात, ते माद्यांमध्ये मिसळतात. जुलै-ऑगस्टची टूर नुसती ‘ऑफ-सीझन डिस्काउंट’ म्हणून विकण्यापेक्षा यासाठी काढून पाहा. धुके उतरले तर तासन्‌तास काहीच दिसणार नाही, हे मात्र अ‍ॅडव्हान्स घेतानाच सांगा.