सिद्धांत एक, कसोट्या तीन

‘हे केवळ सैद्धांतिक आहे’ असे म्हणताना सिद्धांत व्यवहाराला निरुपयोगी असतो, हे आपण गृहीत धरतो. सर्व ज्ञानशाखांत सिद्धांताची कसोटी एकच असते, हा समजही त्यामागे दडलेला असतो. माझ्या मते हा दुसरा समज अधिक घातक आहे.

गणितात सिद्धता निर्णायक ठरते. यूक्लिडची गृहीतके मान्य केली की पायथागोरसचे प्रमेय स्वीकारावेच लागते. हजार त्रिकोण मोजून त्याला अधिक बळ येत नाही. अर्थात, सिद्धतेलाही मर्यादा आहेत. अंकगणिताला पुरेशा असलेल्या कोणत्याही सुसंगत, नियमबद्ध व्यवस्थेत काही विधाने सिद्धही होत नाहीत आणि खोडूनही काढता येत नाहीत, हे कुर्ट गोडेल यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले.

अर्थशास्त्रात कसोटी बदलते. गृहीतके किती वास्तव आहेत यापेक्षा भाकिते कितपत खरी ठरतात हे पाहावे, असे मिल्टन फ्रीडमन यांनी १९५३ च्या निबंधात प्रतिपादन केले. त्यापूर्वी १९४५ मध्ये फ्रीडरिश हायेक यांनी वेगळाच मुद्दा मांडला होता : विशिष्ट स्थळकाळाचे ज्ञान असंख्य माणसांत विखुरलेले असते, ते कोणा एकापाशी एकवटत नाही.

तत्त्वज्ञान तर ‘ज्ञान’ या संकल्पनेलाच प्रश्न विचारते. बंद पडलेल्या घड्याळाकडे योगायोगाने नेमक्या वेळी पाहणाऱ्याला वेळ ‘कळली’ काय? बर्ट्रांड रसेल यांच्या या उदाहरणातून दिसते की, समजूत खरी असणे पुरेसे नाही. आधार असलेली खरी समजूतही पुरेशी नाही, हे एडमंड गेटियर यांनी १९६३ मध्ये अवघ्या तीन पानांत दाखवले.

आपली परिभाषाही हेच सुचवते. भूमितीत ‘प्रमेय’ म्हणजे सिद्ध करावयाचे विधान. न्यायदर्शनात मात्र ‘प्रमेय’ म्हणजे ज्ञानाचा विषय. शास्त्र बदलले की शब्दाचा अर्थ बदलतो आणि पुराव्याचे स्वरूपही बदलते.

विद्यार्थी मित्रांनो, शेती, दुकान, कार्यालय वा घर सांभाळून आपण शिकत आहात. तेथे मिळवलेले ज्ञान हायेक यांच्या अर्थाने खरे ज्ञानच आहे. पुस्तकापुढे त्याला कमी लेखू नका. मात्र त्यावरून सर्वांना लागू होणारा नियम सांगायचा असेल, तर त्याला कसोटी द्यावीच लागेल. म्हणून कोणताही सिद्धांत पाठ करण्यापूर्वी विचारा : हा कोणत्या आधारावर उभा आहे आणि काय घडले तर तो ढासळेल?